टोचनगाडीचा गिअरबॉक्स

टोचनगाडीचा गिअरबॉक्स : बंद पडलेले, घसरलेले अथवा अपघातग्रस्त वाहन उचलून किंवा ओढून नेणाऱ्या डिझेल ट्रकमध्ये एंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत पोचविणारी, आणि तसे करताना वेग व ओढ यांचे परस्परप्रमाण चालकाच्या हातातील दांड्याने बदलू देणारी दंतचक्रपेटी. सपाट मुलखात हिची निवड हा मालकाच्या खर्चाचा आणि सवयीचा प्रश्न असतो. परंतु पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, जेथे लोणावळ्याचे पठार संपताच रस्ता खंडाळ्यावरून बोरघाटात उतरतो आणि खोपोलीपर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरांची उंची गमावतो, तेथे तो सुरक्षिततेचा प्रश्न होऊन बसतो.

घाट आणि ओझे यांचा हा झगडा मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली त्याच डोंगरातून लोहमार्ग चढला, तेव्हा इंजिनिअरांना ३७ फुटांस १ फूट अशी चढण पत्करावी लागली आणि गाडीची दिशा मध्येच उलटविणारे एक स्थानक बांधावे लागले. ते स्थानक १९२९ च्या सुमारास गेले, चढण मात्र राहिली. म्हणून कर्जतहून लोणावळ्याकडे येणाऱ्या गाड्यांना आजही मागून ढकलणारी जादा इंजिने, ज्यांना रेल्वेचे लोक बँकर म्हणतात, जोडावी लागतात. रस्त्यावर अशी तजवीज नाही. २००२ साली संपूर्ण खुल्या झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा आणि जुन्या रस्त्याचा भार घाटाच्या एका टप्प्यात एकत्र येतो. तेथे ऐन पावसाळ्यात एखादा मालट्रक क्लचप्लेट जाळून मधल्या मार्गिकेत उभा राहिला, की त्याला हलविण्याचे काम एकट्या टोचनगाडीचे, आणि अखेर तिच्या गिअरबॉक्सचे असते.

निवडीचा विचार अंकांनी करावा हे उत्तम, कारण गाडी विकणारा अश्वशक्ती सांगतो आणि घेणारा ती ऐकून भुलतो. टोचनगाडीचे वजन १० टन व मागच्या ट्रकचे १६ टन, मिळून २६ टन धरले, आणि चढण २० ला १ अशी मानली, तर चढणीसाठी १३०० किलो व चाकांच्या घर्षणासाठी २६० किलो, म्हणजे एकूण १५६० किलोंची ओढ चाकांच्या कडेवर लागते. १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीने वाहन ओढून नेणाऱ्या गाडीस ताशी २४ किलोमीटरांहून अधिक वेगाची मुभा दिली नव्हती. त्या कमाल वेगाने ही चढण चढावयाची तर चाकांपाशी सुमारे १३९ अश्वशक्ती, आणि वाटेतील नुकसान धरता एंजिनापाशी सुमारे १६३ अश्वशक्ती हवी. १३० अश्वशक्तीचा ट्रक तेच ओझे ताशी १९ किलोमीटरांनी नेईल. यात लाज वाटण्याचे कारण नाही. घाटात पाच किलोमीटरांच्या फरकाने कोणाचे अडत नाही. अडते ते निराळ्याच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे दोन गिअरांमधील अंतर. जुन्या धाटणीच्या पाच गिअरांच्या पेटीत पहिल्या गिअरचे प्रमाण साडेसात, दुसऱ्याचे चार आणि तिसऱ्याचे अडीच असे काहीसे धरले, मागच्या हौसिंगचे, म्हणजे डिफरन्शियलचे, प्रमाण सहा आणि चाकाची त्रिज्या अर्धा मीटर मानली, तर एंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असता पहिल्यावर गाडी ताशी १० किलोमीटर, दुसऱ्यावर १९ आणि तिसऱ्यावर ३० किलोमीटर धावेल. आता चालकाने पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी क्लच दाबला आणि दांडा बसण्यास दोन सेकंद लागले, तर तेवढ्या अवधीत वरील ओझे चढणीवर ताशी सुमारे चार किलोमीटर वेग गमावते. दहाचे सहा होतात, आणि दुसऱ्या गिअरवर सहाचा वेग म्हणजे एंजिनाचे मिनिटाला जेमतेम साडेसातशे फेरे. एंजिन धडधडते, गाडी हिसका खाते, आणि चालक मुकाट्याने पुन्हा पहिल्यावर येतो. अशा पेटीचा ट्रक उभा घाट पहिल्या गिअरवरच चढतो, मग त्याच्या पाचव्या गिअरची कितीही प्रौढी मिरविली तरी. याउलट एक अतिमंद गिअर आणि वर आठ अशी नऊ गिअरांची पेटी असेल, व खालच्या गिअरांतील पायरी एकास एक पूर्णांक एक-तृतीयांश एवढीच असेल, तर त्याच वेगहानीनंतरही एंजिन हजार फेऱ्यांच्या आसपास राहते आणि तग धरते. म्हणून पेटी निवडताना एकूण गिअर किती हे विचारण्याऐवजी तळचे चार गिअर एकमेकांच्या किती जवळ आहेत हे विचारावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अतिमंद गिअरचे माहात्म्यही मर्यादेतच मानावे. बाजूच्या चरात उतरलेला ट्रक ८ ला १ अशा उतारावरून वर काढावयाचा तर साडेसातचे प्रमाण तोकडे पडते आणि बारा किंवा त्याहून अधिक प्रमाणाचा गिअर उपयोगी येतो. पण रस्त्याची पकडच तेवढी नसेल तर दंतचक्रांनी निर्माण केलेली ओढ चाके जागच्या जागी फिरविण्यातच खर्ची पडते. मागच्या आसावर १० टन भार असून ओल्या डांबरावर त्याच्या चार-दशांश एवढीच पकड मिळाली, तर ४ टनांपलीकडची ओढ व्यर्थ होय. लोणावळ्याचा आषाढ ज्याने अनुभवला आहे त्यास हे सांगण्याची आवश्यकता नाही. ओझे मागे टांगले की टोचनगाडीचा मागचा आस दबतो हा लाभ, आणि पुढचा आस हलका होऊन सुकाणू सैल पडते हा तोटा, दोन्ही एकाच वेळी पदरी येतात.

खरी कसोटी चढणीवर नव्हे, उतरणीवर लागते. २६ टनांचे ओझे लोणावळ्याहून खोपोलीस उतरते तेव्हा साडेपाचशे मीटरांच्या उंचीत साठलेली शक्ती, जी सुमारे ३९ युनिट विजेएवढी भरते, कोठेतरी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडणे अटळ असते. ती सर्वस्वी ब्रेकांवर सोपविली तर ब्रेक तापतात, तापले की पकड सोडतात. चांगला चालक ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर, किंवा त्याहूनही एक खालच्या, उतरतो आणि एंजिनाच्या दाबाला व एक्झॉस्ट ब्रेकला आपले काम करू देतो. डिझेल वाचविण्याच्या मोहाने गाडी न्यूट्रलवर सोडणारा चालक घाटातल्या शिंगरोबा देवाच्या देवळापाशी नाणे टाकून पुढे निघतो, परंतु देवावर टाकलेला तो भार वास्तविक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा असतो. याही दृष्टीने तळच्या गिअरांतील जवळीक महत्त्वाची ठरते, कारण उतारावर मोठी पायरी उतरताना दांडा बसला नाही तर गाडी मोकळी सुटते. सिंक्रोमेश पेटीत हा धोका पुष्कळ कमी होतो; साध्या, सतत-जुळणीच्या पेटीत दोनदा क्लच दाबून एंजिनाचे फेरे अंदाजाने जुळवावे लागतात, आणि ही कला अवगत असलेले चालक विरळ होत चालले आहेत.

पेटीच्या कवचाला बाजूने शक्ती काढून घेण्याची खिडकी आहे किंवा नाही, ही बाब खरेदीच्या वेळी बहुधा विसरली जाते. क्रेनची चरखी आणि उचलणीचा हायड्रॉलिक पंप यांना पीटीओ नावाचे जे जोडयंत्र फिरविते ते याच खिडकीवर बसते. खिडकी नसलेली पेटी घेऊन मागाहून करामती करणाऱ्यांचा खर्च दुप्पट होतो. पेटीची परिपीडनक्षमता, म्हणजे टॉर्क पेलण्याची क्षमता, एंजिनाच्या कमाल परिपीडनाहून बरीच अधिक असावी, कारण ओढताना दोर किंवा दांडा ताणला जाण्याच्या क्षणी बसणारा हिसका कागदावरील कोणत्याही आकड्यात धरलेला नसतो.

देशी ट्रकांचा विचार करता, जमशेदपूरच्या टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बांधण्यास आरंभ केला आणि पुढे पिंपरीसही कारखाना उभारला, त्यामुळे मावळपट्ट्यात त्याच घराण्याच्या पेट्यांचे सुटे भाग आणि त्या खोलून बसविणारे कारागीर दोन्ही सहज लाभतात. जबलपूरच्या कारखान्यात १९५९ पासून जर्मन मान कंपनीच्या परवान्याने बनलेले शक्तिमान ट्रक लष्कराच्या लिलावांतून खाजगी हाती आले. चारही चाकांना मिळणारी शक्ती चिखलात अमोल, मात्र अशा जुन्या गाडीच्या सुट्या भागांची भ्रांत असते. स्वयंचलित पेटीत क्लच जळण्याचे भय नसते व चढणीवर गिअर बदलताना ओढ तुटत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण तिची किंमत आणि रस्त्याकडेच्या कारागिराची तिच्यापुढील असहायता पाहता हातगिअरची पेटी सोडण्यास मालक सहसा राजी होत नाहीत.

शेवटी, मागे जोडलेल्या वाहनाच्या पेटीचाही विचार टोचनगाडीच्या चालकालाच करावा लागतो. हातगिअरच्या बहुतेक पेट्यांत तेल उडविणारा खालचा दंड एंजिनाच्या बाजूने फिरतो. एंजिन बंद असता मागची चाके जमिनीवर ठेवून ट्रक ओढला, तर बाहेरचा दंड कोरडाच फिरत राहतो आणि काही किलोमीटरांत बेअरिंगे जळू शकतात. यास्तव लांब न्यावयाच्या वाहनाचा प्रोपेलर शाफ्ट किंवा मागचे हाफ शाफ्ट आधी काढून घेण्याची रीत आहे. हवेच्या ब्रेकांतील दाब उतरलेला असेल तर स्प्रिंग ब्रेकही हाताने सोडवावे लागतात, आणि ते करण्यापूर्वी चाकांमागे ओंडके किंवा दगड लावले जातात.