हॅम्बल्डनचा माळ

सुगी संपली, की आमच्या गावच्या मोकळ्या खळ्यावर क्रिकेट सुरू व्हायचं. एकदा एक मुलगा बॅट म्हणून घरातला जेवायचा पाट घेऊन आला. मागचे स्टंप दिसेचनात! खेळ थांबला आणि भांडण जुंपलं. पुढं मोठेपणी वाचलं, की हेच भांडण इंग्लंडात 1771 मध्ये झालं होतं आणि त्यात एक खेडं होतं.

ते खेडं म्हणजे हॅम्पशायरमधलं हॅम्बल्डन. गावापासून दोनेक मैलांवर ब्रॉडहाफपेनी डाउन नावाचा उघडा माळ आहे. अठराव्या शतकात हॅम्बल्डन क्लबचं मैदान तेच. समोरच्या मद्यगृहाचा चालक रिचर्ड नायरन हा संघाचा कप्तान. भरवशाचा फलंदाज जॉन स्मॉल जोडे शिवायचा, शिवाय बॅट आणि चेंडूही बनवायचा. अर्थात हे निव्वळ खेडुतांचं क्रिकेट नव्हे. क्लबचे सभासद सरदार-जमीनदार होते, सामन्यांवर मोठ्या पैजा लागत आणि खेळाडू आसपासच्या गावांतूनही येत.

1771 च्या सप्टेंबरात चर्टसीविरुद्धच्या सामन्यात व्हाइट नावाचा फलंदाज यष्टीइतकीच रुंद बॅट घेऊन उतरला. हॅम्बल्डनकरांनी लगेच ठराव लिहिला: बॅट सव्वाचार इंचांहून रुंद नको. खाली नायरन, स्मॉल आणि गोलंदाज ब्रेट यांच्या सह्या. 1774 च्या नियमांत ती मर्यादा आली आणि आजही तीच आहे. 1777 मध्ये याच क्लबनं सेव्हनओक्सला इंग्लंडच्या संघाला एक डाव 168 धावांनी हरवलं.

मग हे मैदान गेलं कसं? पूर नाही, लढाई नाही. माळावर वारा फार आणि बड्या मंडळींना तो दूर पडे. 1782 च्या सुमारास खेळ गावाजवळच्या विंडमिल डाउनवर गेला. 1787 मध्ये लंडनला एमसीसी स्थापन झाला. आश्रयदाते तिकडं वळले आणि पैसे घेऊन खेळणारेही त्यांच्यामागं गेले. शतक संपता संपता क्लब विझला. माळाची पुन्हा शेतजमीन झाली.

1908 मध्ये तिथं ग्रॅनाइटचं स्मारक उभं राहिलं. 1925 मध्ये विंचेस्टर कॉलेजनं जागा घेतली आणि माळावर परत खेळ सुरू झाला.

आमचं खळं मात्र उरलं नाही. मळणीयंत्र आता थेट शेतात येतं आणि खळ्याच्या जागी घरं झाली आहेत. पाट त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या आईनं ओढून नेला. घरी पंगत होती.