चिंध्या वेचणाऱ्यांचे एमाउस

बेघर माणसास घर दिले की प्रश्न मिटला, असे दुरून पाहणारास वाटते. बदलीच्या हुकमामागून ज्यांचे बिऱ्हाड गावोगाव फिरते, त्या आपणां नोकरपेशा मंडळींस तर घर म्हणजे वसाहतीतील एक क्रमांक असेच वाटू लागते. परंतु वर्षानुवर्षे रस्त्यावर काढलेल्या माणसाचे छप्पर तेवढे गेलेले नसते. आपली कोणास तरी गरज आहे, ही जाणीवही त्याच्यापाशी उरलेली नसते. युद्धोत्तर फ्रान्समधील एका मोडकळीस आलेल्या घराची हकीकत या दृष्टीने वाचण्याजोगी आहे.

पॅरिसच्या पूर्वेस न्यूयी-प्लेझांस नावाचे उपनगर आहे. तेथील हे घर १९४७ साली आंरी ग्रुएस या धर्मगुरूंनी घेतले. जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात धारण केलेले 'आबे पिएर' हेच त्यांचे नाव पुढे रूढ झाले. ते तेव्हा फ्रेंच राष्ट्रसभेचे सभासद होते. घर दुरुस्त करून त्यांनी तेथे तरुणांसाठी वसतिगृह उघडले व त्यास एमाउस हे नाव दिले. बायबलातील हे गाव. ख्रिस्ताच्या मृत्यूने खचलेल्या दोघा शिष्यांस आशा पुन्हा गवसली ती येथे.

१९४९ साली झॉर्झ लगे नावाचा एक माणूस त्यांच्यापुढे आला. खुनाबद्दल गियानात काळ्या पाण्याची शिक्षा भोगून तो परतला होता, आणि घरच्यांत जागा न उरल्यामुळे त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. आबे पिएर यांनी त्यास दान देऊ केले नाही, उपदेशही केला नाही. निराश्रितांसाठी घरे बांधावयाची आहेत, त्यात हात लावशील काय, एवढेच विचारले. लगे राहिला. एमाउसचा तो पहिला 'साथी'.

१९५१ च्या निवडणुकीत आबे पिएर यांचे सभासदत्व गेले आणि त्याबरोबर वेतनही थांबले. तोवर त्या वेतनावरच बरेचसे चालले होते. ते पॅरिसच्या रस्त्यावर हात पसरू लागले, तेव्हा साथींनाच ते रुचले नाही. त्यांच्यातील एकास कचऱ्यातून चिंध्या, धातू, कागद वेचून विकण्याची विद्या अवगत होती. तीच समूहाची उपजीविका झाली. मला या साऱ्या इतिहासातील निर्णायक क्षण हाच वाटतो. आणि तो धर्मगुरूंच्या नव्हे, वेचणाऱ्यांच्या खाती जमा करावयास हवा.

जगाने मात्र लक्षात ठेवली ती १ फेब्रुवारी १९५४. त्या कडाक्याच्या थंडीत सेबास्तोपोल मार्गावर एक स्त्री गारठून मेली. घर खाली करण्याचा कागद तिच्या हाती होता. आबे पिएर यांनी रेडिओ लक्झेंबर्गवरून आवाहन केले आणि पैसा, पांघरुणे यांचा पूर आला. १९५६ पासून फ्रान्समध्ये हिवाळ्यात भाडेकरूस बाहेर काढण्यास कायद्याने बंदी आली, तिचा उगम या थंडीतच आहे.

पूर ओसरला, तरी भंगार वेचणे चालूच राहिले. समूहाची रीत साधी आहे. येणाऱ्याचा भूतकाळ कोणी उकरीत नाही. धर्माची अट नाही. खोली, जेवण आणि थोडा हातखर्च मिळतो, आणि प्रत्येकाने झेपेल ते काम करावयाचे असते. कोणी मोडकी खुर्ची नीट करतो, कोणी गाडीबरोबर जातो, कोणी स्वयंपाक सांभाळतो. मुदतीचे बंधन सहसा नसते. नव्याला कामाची रीत शिकवतो तो स्वतः कधी तरी तशाच अवस्थेत आलेला असतो, आणि अधिकाऱ्याने हे शिकवावयाचे म्हटले तर साधेल, असे मला वाटत नाही. शिल्लक राहील ते समूहाबाहेरील गरजूंसाठी खर्चावयाचे. आज सुमारे चाळीस देशांत अशा संस्था आहेत.

२००७ साली आबे पिएर वारले, तेव्हा फ्रान्सने त्यांस संतपद बहाल केल्यासारखेच होते. जुलै २०२४ मध्ये एमाउसनेच स्वतंत्र तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले होते. पुढे आणखीही स्त्रिया बोलल्या. २०२५ मध्ये त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने ते नाव सोडले. या समूहांचे श्रेय एकट्या त्यांना देणारा जुना इतिहास त्या स्त्रियांवर अन्याय करणारा तर होताच. लगे आणि त्या अनाम कबाड्यावरही तो अन्यायच होता.

रीत निर्दोष आहे असेही नाही. २००८ च्या फ्रेंच कायद्याने अशा समूहांस वेगळा दर्जा मिळाला. साथी हा पगारी कामगार ठरत नाही. २०२३ साली उत्तर फ्रान्समधील काही समूहांत परवान्याविना आलेल्या परदेशी साथींनी संप केला. आपण राबतो ते साथी म्हणून की बिनपगारी नोकर म्हणून, असा त्यांचा सवाल होता.