अध्यापन पशुचिकित्सालय (नागपूर)

पशुवैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, उपचार आणि शिक्षण दोन्ही करणारे रुग्णालय. नागपुरात असे रुग्णालय सेमिनरी हिल्स भागातील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात चालते. महाविद्यालय 1958 मध्ये सुरू झाले. मधली काही दशके ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे होते आणि 2000 पासून महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे (माफसू) आहे. मुंबईतील परळचे महाविद्यालय (1886) त्याहून बरेच जुने.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे 30 किलोमीटरवरील बुटीबोरी येथे मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि भोवती कापूस, सोयाबीन, तुरीची शेती. त्यामुळे या एकाच परिसरात सदनिकेतला लॅब्रॅडोरही भेटतो आणि गोठ्यातली नागपुरी म्हैसही. रस्ता दोघांना सारखाच, प्रवास मात्र सारखा नाही. कुत्रा मालकाच्या गाडीत बसून येतो. खाली बसलेली गाय टेम्पोत चढवायला चार माणसे लागतात, आणि धक्क्यांनी तिचे दुखणे वाढते. म्हणून ढोरांचा पहिला डॉक्टर स्थानिक दवाखान्यातला किंवा 1962 या क्रमांकावर बोलावलेल्या फिरत्या पथकातला असतो, आणि तेच योग्य आहे.

दुग्धज्वराचे उदाहरण घ्यावे. व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत दुधाळ गाय बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरल्याने हे घडते. शिरेतून कॅल्शियम हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत दिले तर पुष्कळदा ती काही तासांत उठते. अशा गायीला शहरात नेणे म्हणजे उपचाराचा वेळ रस्त्यावर घालवणे. पोटफुगीचेही तसेच. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला तर तिला कुशीवर पाडून, पोटावर फळी ठेवून पिळाच्या दिशेने लोळवतात. हे काम अंगणातही होते. पीळ सुटला नाही की पोट उघडून वासरू काढणे उरते.

रुग्णालयाची खरी गरज लागते ती कुटारातून किंवा उकिरड्यावरून तार, खिळा पोटात गेलेल्या जनावराला. गाय चारा नीट न चावता गिळते. जड वस्तू जाळीपोटात साचते, तिथून पडदा भेदून हृदयापर्यंत पोचू शकते. चारा कमी होतो, दूध आटते, उतारावरून चालताना जनावर कण्हते, पुढे गळ्याखाली सूज येते. सूज येण्याआधी आणले तर क्ष-किरण तपासणी करून, डाव्या कुशीत भूल देऊन, उभ्या गायीचे पोट उघडून तार काढता येते. तिला आडवे पाडून पूर्ण भूल देणे टाळतात, कारण पोट फुगते आणि घशातून वर आलेले अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बैलाच्या शिंगाचा कर्करोगही असाच शस्त्रक्रियेचा विषय. शिंग मुळापासून काढावे लागते.

कुत्र्या-मांजरांच्या विभागात गर्दीचे दुखणे म्हणजे पार्वो. लस न झालेल्या पिलांना रक्ताची हगवण लागते. विषाणूवर थेट औषध नसल्याने सलाईनवर तग धरवणे हाच मुख्य उपाय. त्याखेरीज गोचिडांचा ताप, त्वचेचे विकार, नसबंदी, हाड मोडणे.

पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. विद्यार्थी खोड्यातल्या गायीच्या गुदमार्गात खांद्यापर्यंत हात घालून गर्भ चाचपायला इथेच शिकतात. सोनोग्राफीने महिनाभराचा गर्भ दिसतो, तरी हाताची पारख सोडून चालत नाही: गोठ्यात यंत्र असेलच असे नाही. रुग्णालयात मात्र बहुधा निवडून आलेले, अवघड रोगी दिसतात. त्यामुळे साधी दुखणी शिकायला गोठ्यात जावेच लागते. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ राज्यभर पसरली, तेव्हा लसीकरणाचे कामही गोठ्यागोठ्यातच झाले.

मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन हाही शिक्षणाचा भाग आहे. फाशी रोगाचा संशय असेल तर शव उघडत नाहीत. कानाच्या शिरेतले रक्त काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शव उघडल्यास जिवाणू हवेत येऊन बीजाणू धरतात, आणि ते जमिनीत दशकानुदशके टिकतात. असे शव जाळतात, किंवा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात.