गाठ, गोदी आणि केळी

बंदराचा धडा शिकवताना जळगाव-धुळ्याची मुले हमखास विचारतात, ‘सर, समुद्र कुठे आणि आपण कुठे?’ उत्तरासाठी कापसाच्या एका गाठीमागे जाऊ.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि खानदेशच्या कापसाला भाव आला. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर गाठी मालगाडीने मुंबईला जाऊ लागल्या. अडचण होती ती पुढे. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. किनाऱ्यालगत मोठे जहाज ओहोटीला चिखलात रुतले असते. म्हणून ते खोल पाण्यात नांगर टाकी आणि सुमारे पावणेदोनशे किलोची प्रत्येक गाठ आधी पडावात, मग जहाजात चढवावी लागे.

१८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक खुली झाली. या गोदीतली युक्ती सोपी होती. भरतीला दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचे आणि पाणी उतरण्यापूर्वी ते मिटायचे. बाहेर ओहोटी असली तरी आत जहाज तरंगत राही आणि माल थेट धक्क्यावरून चढे. मात्र भरती चुकली की जहाज अडकून पडे.

१९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराला असे दरवाजे नाहीत. खोल केलेल्या जलमार्गाने जहाज सरळ धक्क्याला लागते. धक्क्यावर रुळांवरून सरकणाऱ्या उंच याऱ्या असतात, तर मागे कंटेनर रचण्यासाठी विस्तीर्ण मोकळे आवार. सुटी गाठ आता कोणी उचलत नाही. वीस किंवा चाळीस फुटी पेटीच उचलली जाते. पेट्या सर्वत्र ठरलेल्या मापाच्या असल्याने हे साधते. हमालांच्या कित्येक हातांचे काम मात्र त्यामुळे गेले.

रावेर-यावलची केळी परदेशी जातात, ती अशाच शीतपेटीतून, सुमारे १३ अंश सेल्सियसला. तापमान याहून बरेच उतरले तर साल काळवंडते, चढले तर फळ वाटेतच पिकते. म्हणून आवारात या पेट्यांसाठी विजेच्या जोडणीची वेगळी जागा राखलेली असते.

कापसाची गाठ महिनाभर थांबू शके. केळी थांबत नाहीत. बंदरात पेटी चार दिवस अडली, तर नुकसान कोणाचे? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. समुद्र किती जवळ आहे, ते मुलेच सांगतील.