अंधारातले डोळे

दिव्यांच्या सणात अंधाराचा इतिहास सांगायला बसलो, म्हणून वाचकांनी रागावू नये. दिव्याची किंमत अखेर अंधारच ठरवतो. माझा विषय आहे एका खेळातला अंधार. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच मित्र मेजाभोवती बसतात. एक जण कथेकरी होतो. बाकीचे कुणी वीर, कुणी मांत्रिक, कुणी बुटका होऊन त्याने वर्णिलेल्या भुयारात उतरतात आणि फाशांवर नशीब अजमावतात. भुयारात काळोख, काळोखात राक्षस. मग हे राक्षस पाहतात तरी कसे?

पहिल्या पुस्तकांनी हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. साऱ्या राक्षसांना अंधारात दिसते. मात्र एखादा राक्षस खेळाडूच्या चाकरीला लागला, की त्याची ती दृष्टी गेलीच! यात शास्त्र औषधालाही नाही, पण हेतू स्वच्छ आहे: भीती माणसाच्या वाट्याला यावी, आणि मशालही त्याच्याच हाती राहावी.

पुढे शास्त्र आले. १९७९ च्या ग्रंथात ही दृष्टी म्हणजे उष्णता पाहण्याची शक्ती ठरली. मशालीची धग जवळ आली की ती निकामी होई. निसर्गात याला जोड आहे. आपल्या सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगा असतो. त्या खळग्यामुळे त्याला भक्ष्याच्या अंगाची ऊब काळोखातही कळते. पण खेळात अडचणी निघाल्या. चालते प्रेत थंडगार. ते दिसावे कसे? २००० सालच्या आवृत्तीने उष्णता सोडून दिली आणि साधी, रंगहीन, बहुधा ६० फुटांची अंधारदृष्टी दिली. वाद मिटले, थोडे गूढही गेले.

खरी गंमत मला डोळ्यांपलीकडच्या इंद्रियांत वाटते. १७९३ साली इटलीत स्पॅलान्झानीने दाखवले, की आंधळे केलेले वटवाघूळही बिनचूक उडते. त्याचे कोडे सुटायला १९४० च्या आसपास ग्रिफिन आणि गॅलाम्बोस यावे लागले: वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत वटवाघळाचे कान बधिर झाले, की त्याचे हे ‘पाहणे’ थांबते. ग्रिमलॉक नावाचे आंधळे भुयारवासी कान आणि नाक यांवर जगतात. दोन्ही बंद झाली की ते खरोखर आंधळे. जमिनीची थरथर ओळखणाऱ्या राक्षसाला दोरीला लोंबकळणारा माणूस सापडत नाही.

इथेच मला या साऱ्या इतिहासाचे मर्म दिसते. २०१४ च्या मूळ ग्रंथात खेळाडूंसाठी ९ वंश आहेत. त्यांतल्या ६ वंशांना अंधारदृष्टी आहे. बहुतेकांना दिसू लागले, की मशाल कोण पेटवणार, आणि घाबरणार कोण? म्हणून चांगला कथेकरी राक्षसाच्या नजरेचे फूट वाढवत बसत नाही. तो त्याचे इंद्रियच बदलतो. मग खेळाडू कुजबुजतात, अनवाणी चालतात, वाऱ्याची दिशा पाहतात. राक्षसाला कोणतेही सामर्थ्य द्यावे, पण त्यात एक उणीव जरूर ठेवावी. दुबळ्या माणसाची युक्ती त्याच फटीतून आत शिरते, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.