दुकानदार रोख पैसे नाकारू शकतो का? कायदा काय सांगतो आणि काय सांगत नाही

"कॅश चालणार नाही, स्कॅन करा." हे वाक्य आता फक्त मोठ्या मॉलमधल्या दुकानात ऐकू येत नाही. पार्किंगवाला म्हणतो, क्लासची फी घेणारा म्हणतो, कधी कधी साधा चहावालाही म्हणतो. दुसरीकडे भाजीच्या गाडीवर दहाचं नाणं पुढे केलं तर "हे आमच्याकडे चालत नाही" म्हणून परत येतं. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. सरकारने चलनात आणलेला पैसा दुकानदार घ्यायला नकार देऊ शकतो का? आणि त्याला तो देऊ द्यावा का?

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे मोहल्ल्यातले लोक बँकेचा फॉर्म भरून घ्यायला किंवा आलेलं पत्र वाचून घ्यायला येत असतात. त्यात हा विषय हमखास निघतो. म्हणून आधी कायदा सांगतो, मग आमचं मत.

नोटेवर काय लिहिलंय

शंभराची नोट हातात घेऊन नीट बघा. गव्हर्नरची सही आहे आणि धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन आहे. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे, त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे. वर्गात मुलांना ही पट्टी दाखवली की आपली भाषा शोधायला त्यांची झुंबड उडते. (एक रुपयाच्या नोटेवर मात्र असं वचन नसतं. ती नोट रिझर्व्ह बँक नाही, भारत सरकार काढतं आणि तिच्यावर वित्त सचिवाची सही असते.)

या वचनामागे कायदा आहे. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम २६ प्रमाणे प्रत्येक बँक नोट भारतात कुठेही, तिच्यावर लिहिलेल्या रकमेसाठी विधिग्राह्य चलन आहे आणि तिला केंद्र सरकारची हमी आहे. एखादी नोट विधिग्राह्य नाही असं ठरवायचं असेल तर त्याच कलमाच्या दुसऱ्या भागानुसार रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारला अधिसूचना काढावी लागते. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा गेल्या त्या याच कलमाखाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने ती नोटबंदी वैध ठरवली. वेगळं मत न्यायमूर्ती नागरत्ना यांचं होतं.

नाण्यांचा कायदा वेगळा आहे, नाणे अधिनियम, २०११. एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत चालतात, पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत. म्हणजे कोणी दीड हजाराचं बिल गल्ला फोडून सगळंच चिल्लरमध्ये देऊ लागला, तर दुकानदाराने नाही म्हणणं कायद्याला धरून आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर बंद झाली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने आजही जिवंत आहे, बाजाराने त्याला कधीच दफन केलं ती गोष्ट वेगळी.

मग "नाही" कसं म्हणता येतं?

इथेच खरी गाठ आहे. "विधिग्राह्य चलन" याचा अर्थ, देणं फेडायला हा पैसा पुरेसा आहे. पण देणं आधी तयार व्हावं लागतं. किराणावाल्याच्या वहीत तुमची महिनाभराची उधारी आहे, ते देणं झालं. हॉटेलात बिर्याणी खाऊन झाली आणि बिल आलं, तेही देणं झालं. तिथे तुम्ही नोट पुढे केली आणि समोरच्याने ती नाकारली, तर "पैसे दिले नाहीत" असं तो तुमच्याबद्दल म्हणू शकत नाही. पण काउंटरवर साबणाची वडी ठेवली आहे आणि अजून विक्रीच झालेली नाही, तेव्हा दुकानदार म्हणतो, माझी अट ऑनलाइन पेमेंटची आहे, पटलं तर घ्या. सौदा हा दोघांच्या राजीखुशीचा असतो, असं त्याचं म्हणणं.

खासगी दुकानदाराने रोख रक्कम घेतलीच पाहिजे, नाही घेतली तर अमुक दंड, असं थेट सांगणारी तरतूद आपल्याकडे नाही. नोटेवर हमी आहे, पण ती दुकानात पाळली जावी यासाठी वेगळा नियम कुणी लिहिलेला नाही. दोन हजारच्या नोटेचं उदाहरण घ्या. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने ती चलनातून मागे घेतली, पण ती विधिग्राह्य राहील असंही त्याच वेळी सांगितलं. आज ती घेऊन बाजारात जा आणि कोण घेतो ते बघा.

उलट दिशेचे नियम मात्र स्पष्ट आहेत. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम एका व्यवहारात घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे. लग्नाचा हॉल, दागिने, जुनी गाडी घेताना हे लक्षात ठेवा, कारण दंड घेणाऱ्यावर बसतो आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. वर्षाला पन्नास कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायाने रुपे कार्ड आणि यूपीआयची सोय ठेवलीच पाहिजे, असा नियम २०२० पासून आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावर २०२५ मध्ये फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट पैसे द्यावे लागत होते. नोव्हेंबर २०२५ पासून तोच टोल यूपीआयने भरला तर सव्वापट. रस्ता तोच, गाडी तीच, फक्त हातात नोट आहे म्हणून दर वेगळा. डिजिटलची सक्ती लिहून ठेवली आहे, रोखीचं संरक्षण लिहिलेलं नाही. आमची तक्रार आहे ती इथे.

दहाचं नाणं आणि व्हॉट्सअॅपचा कायदा

दहाच्या नाण्यावर दहा रेषा की पंधरा, रुपयाचं चिन्ह आहे की नाही, यावरून वर्षानुवर्षे अफवा चालू आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदा वेगवेगळ्या डिझाइनची नाणी काढल्याचं सांगून ती सगळी वैध असल्याचं जाहीर केलं. रुपयाचं चिन्हच मुळी २०१० मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यावर ते असणार कसं?

त्याचबरोबर "नाणं नाकारलं तर राजद्रोहाचा गुन्हा" असाही मजकूर फिरतो. असं कलम नाही. नाणी वितळवणं, नष्ट करणं याला नाणे अधिनियमात शिक्षा आहे, पण घ्यायला नकार दिला म्हणून वेगळी शिक्षा त्यात लिहिलेली नाही. काही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी नाणी स्वीकारण्याचे आदेश काढले. तिथे कारवाई झालीच तर ती आदेश मोडल्याची असते. तेव्हा भाजीवालीला राजद्रोहाची धमकी देऊ नका. बिचारी आधीच घाबरलेली असते की, हे नाणं तिच्याकडून पुढे घाऊक व्यापारी घेईल की नाही.

पेनाने लिहिलेल्या नोटेचंही असंच. नुसतं काही लिहिलं म्हणून नोट बाद होत नाही. पण तिच्यावर राजकीय घोषणा लिहिलेली असेल तर ती विधिग्राह्य राहत नाही. पोरांना हे घरी जरूर सांगा.

दुकानदाराची बाजूही ऐका

आपल्या समाजात छोटे व्यापारी भरपूर आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. सुट्ट्यांची मारामार रोजची आहे. एसटीत तर कंडक्टर उरलेले पैसे तिकिटाच्या मागे लिहून देतात आणि उतरताना मागायचं प्रवासी विसरतो. नकली नोट गल्ल्यात आली की नुकसान दुकानदाराचं, कारण बँक ती जप्त करते आणि बदल्यात काही देत नाही. रात्री रोकड घेऊन घरी जायची भीती असते. चालू खात्यात ठरावीक मर्यादेबाहेर रोख भरली की अनेक बँका शुल्क लावतात. या सगळ्यापेक्षा एक क्यूआर कोड चिकटवणं सोपं.

पण हेच दुकानदार कधी उलटही फिरतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूत "नो यूपीआय, ओन्ली कॅश" अशा पाट्या लागल्या. सायबर फसवणुकीतले पैसे फिरत फिरत एखाद्या दुकानदाराच्या खात्यात आले आणि पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने खातं गोठवलं, असे प्रकारही अनेक राज्यांत घडले आहेत. दोनशे रुपयांच्या विक्रीपायी सगळं खातं अडकतं. म्हणजे ज्याला त्याला आपापल्या सोयीने एक दरवाजा बंद करायचा आहे. गिऱ्हाईक मात्र दोन्हीकडे बाहेरच उभं राहतं.

बाहेर कोण उभं राहतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५४ टक्के महिलांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. स्मार्टफोन नव्हे, कुठलाही मोबाइल. त्यानंतर फोन वाढले असतील, पण घराघरांत काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. फोन मुलाच्या हातात, यूपीआय त्याच्या अब्बांच्या खात्याला, आणि अम्मीकडे डब्यात जपून ठेवलेल्या नोटा. शिवणकामातून, पापड लाटून मिळालेला तो पैसा तिचा स्वतःचा आहे. कुठे खर्च केला याचा मेसेज कुणाच्या फोनवर जात नाही. ती औषधाच्या दुकानात गेली आणि "स्कॅन करा" म्हटलं, तर तिला मुलाला हाक मारावी लागते. यात फक्त गैरसोय नाही, तिचा निर्णय दुसऱ्याच्या हातात जातो.

म्हातारी माणसं, रोजंदारीवर रोख मजुरी घेणारे, परगावाहून आलेला कामगार, शाळेतून येताना वही घेणारं पोर, हे सगळे त्याच रांगेत आहेत. साध्या फोनवरून पैसे देता यावेत म्हणून मार्च २०२२ मध्ये "यूपीआय १२३पे" सुरू झालं, पण त्यालाही बँक खातं आणि स्वतःचा फोन लागतोच. ईदीच्या नव्या नोटांची तर गोष्टच वेगळी. लहान मुलाच्या हातात स्वतःचे असे पहिले पैसे त्याच दिवशी येतात. त्या नोटा दुकानात चालल्या नाहीत तर त्याने काय करायचं?

शिवाय यंत्रणा बंद पडते. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं. इंटरनेट सरकारही बंद करतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दंगलीनंतर, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर बीडमध्ये आंदोलनाच्या वेळी नेट बंद होतं. अशा दिवशी दूध आणि औषध नोटेनेच मिळतं. ज्या दुकानाने रोख घेणं सोडलंय त्याच्याकडे त्या दिवशी सुट्टे पैसेही नसतात.

इतर देशांनी काय केलं

अमेरिकेत देशपातळीवर सक्ती नाही, पण मॅसॅच्युसेट्समध्ये १९७८ पासून असा कायदा आहे. २०१९ मध्ये न्यू जर्सी, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को यांनी, २०२० मध्ये न्यूयॉर्क शहराने दुकानांना रोख नाकारायला बंदी केली. न्यूयॉर्कने वीस डॉलरपेक्षा मोठी नोट नाकारायची मुभा दुकानदाराला ठेवली, हे शहाणपणाचं वाटतं. नॉर्वेत रोखीचा वापर अगदी कमी आहे, तरी १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने पक्का केला गेला. डेन्मार्कमध्ये रोख घेणं बंधनकारक आहे, पण लुटीच्या भीतीमुळे रात्री उशिरासाठी सूट आहे. चीनमध्ये मोबाइल पेमेंट आपल्यापेक्षा आधी पसरलं, तिथेही मध्यवर्ती बँक रोख नाकारणाऱ्यांना दंड करते. स्वीडनमध्ये दुकानदाराला नकाराची मुभा आहे, आणि तिथे आता हीच चर्चा सुरू आहे.

आम्हाला काय वाटतं

सगळ्यांवर सरसकट सक्ती नको. ऑनलाइन विक्री, रात्री एकट्याने सांभाळायचं दुकान, चैनीच्या वस्तू यांना सूट असू द्या. पण धान्य, दूध, औषध, दवाखाना, प्रवास, पेट्रोल, शाळेची फी या ठिकाणी काही हजारांपर्यंतची रोख रक्कम नाकारता येऊ नये, असा स्पष्ट नियम हवा. फीच्या बाबतीत तर शाळांनीच आधी पुढे यावं. जिथे सूट असेल तिथे पाटी दरवाजाबाहेर लागली पाहिजे, बिल झाल्यावर काउंटरवर सांगणं नको. आणि दुकानदाराकडून रोख घ्यायची अपेक्षा असेल तर त्याची चिल्लर बँकेने मुकाट्याने घ्यायला हवी, रोख भरण्यावरचं शुल्क छोट्या व्यापाऱ्याला माफ हवं. मोठी नोट नाकारायची मुभा न्यूयॉर्कसारखी इथेही चालेल. वीस रुपयांच्या कोथिंबिरीला पाचशेची नोट काढणाऱ्याबद्दल आम्हाला फार सहानुभूती नाही.

तोपर्यंत काय करता येईल

मोठं बिल होणार असेल तर आधीच विचारा, रोख चालेल का. जेवण किंवा उपचार आधी झाले आणि मग रोख नाकारली, तर शांतपणे सांगा की देणं मी फेडतोय, तुम्ही लेखी नकार द्या. बहुतेक वेळा लेखी म्हटल्यावर नोट घेतली जाते. नाहीच घेतली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाकिटात दहा-वीस-पन्नासच्या नोटा राहतील असं बघा, कारण नकाराचं निम्मं कारण सुट्टे नसणं हेच असतं.

फाटकी, मळकी नोट कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत बदलून मिळते, तुमचं खातं तिथे असायची गरज नाही. दुकानदार मंडळींनी चिल्लर बँकेत नेताना शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या करून न्यावी, मोजणी लवकर होते. शाखेने नाणी घ्यायला नकार दिला तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.