ग्रामनामांतील झाडे : वर्धा जिल्ह्यातील एक पुरावा

१८६२ साली नागपुरापासून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीस हलविण्यात आले आणि तेथे वर्धा शहर वसले. शहराने नदीचे नाव घेतले. त्याआधीचे ठाणे मात्र एका झाडाच्या नावाचे होते. कवठा, हिंगणघाट, सिंदी, कारंजा या चार ठळक गावांच्या नावांत एकेक झाड उभे आहे. ती झाडे कोणत्या जातीची आहेत, याचा विचार केल्यास जुन्या वसाहतीविषयी एक अनुमान काढता येते.

हिंगण हे कोरड्या जमिनीत तग धरणारे काटेरी झाड. संस्कृतातील इंगुदी ती हीच होय. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात तपोवनाची ओळख पटविणाऱ्या खुणांत इंगुदीची फळे फोडून तुळतुळीत झालेले दगड आहेत. मराठीत या फळास हिंगणबेट म्हणतात. त्याच्या गराने रेशमी वस्त्रे धूत असत. नावातील 'घाट' हा वणा नदीचा.

शिंदीचे झाड ओढ्यानाल्यांच्या ओलीवर वाढते. थंडीत तिचा रस काढावा, पावसाच्या तोंडाशी फळे पिकावीत, आणि पाऊस लागला की तिच्या झावळ्यांस सुगरणींनी खोपे टांगावेत, असे तिचे वर्ष असते. बोलीत 'श'चा 'स' होऊन ग्रामनाम सिंदी झाले. करंजही पाण्याकाठचाच, फाल्गुनात पाने झडतात न झडतात तोच चैत्रात तकतकीत पालवी येते, पाठोपाठ फुले. कवठ शिवरात्रीच्या सुमारास पिकते.

या चौघांत साग नाही, ऐन नाही, तेंदूही नाही. ही नदीकाठची व उघड्या माळरानाची झाडे आहेत, दाट अरण्यातील नव्हेत. तेव्हा निदान ही गावे अरण्य तोडून वसली नसून मोकळ्या मुलखात, पाणवठ्यापाशी, खूण म्हणून ठरलेल्या झाडाजवळ वसली असावीत. अरण्य उत्तरेकडील टेकड्यांत होते. त्यातील बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य व २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाले.

असे अनुमान करताना नादसादृश्यावर विसंबणे धोक्याचे. सेलू हे नाव पाहताच संस्कृत 'शेलु' म्हणजे भोकर आठवतो. परंतु मराठीत त्या झाडास भोकर म्हणतात, आणि सेलू नावाचे गाव परभणी जिल्ह्यातही आहे. लोकभाषेत जिवंत नसलेला वृक्षवाचक शब्द ग्रामनामाचे मूळ म्हणून स्वीकारणे मला मान्य नाही. 'कारंजा'तील आद्य स्वराचे दीर्घत्वही विचारात घ्यावे लागते. 'कारंजे' या शब्दाशी झालेली गल्लत त्यास कारण असू शकेल.

हिंगणघाटाच्या नावाचा पुढचा प्रवास मात्र निःसंदिग्ध आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा वर्धेच्या खोऱ्यातील लांब धाग्याचा देशी कापूस 'हिंगणघाट' याच नावाने विलायतेच्या बाजारात ओळखला जाऊ लागला. झाडाचे नाव गावाला गेले, गावाचे कापसाला. पुढे आखूड धाग्याच्या, पण अधिक रुई देणाऱ्या वाणांनी तो कापूस मागे सारला. बोंडांवरून त्या वाणास कोणते शब्द वापरीत, तो केव्हा वेचीत, हे शेतकऱ्यांच्या घरांतील वृद्धांकडून टिपून घेण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.